मॅनेजर खाणारी मशीन

कोल्ड्रिंकच्या मशीनखाली एक जाळीचं ताट असतंय. त्यात मुद्दाम कुणी काय ओतत न्हाई. तरी संध्याकाळी उचलायला जावं तर काठोकाठ भरलेलं. आमच्या हाटेलातल्या किश्शांचं तसंच झालंय. मी काय ठरवून गोळा केलं न्हाईत. दारात खुर्ची टाकून बसतो, आन् ते आपोआप साठतात. आता ताट जड झालंय, म्हणून ओततो.

आधी मी कोण ते ऐका. मी खुटबावचा. शाळा तिसरीपर्यंत. त्याच्यापुढं मास्तरांना माझा कंटाळा आला आन् मला मास्तरांचा. शेती पोरांनी ताब्यात घेतली, म्हणले, "आबा, तुम्ही आता आराम करा." आराम म्हंजी काय, तर दिवसभर सुनेच्या तोंडासमोर बसायचं! त्यापेक्षा कुरकुंभजवळ हायवेला हे बर्गरचं हाटेल निघालं, तिथं वॉचमन लागलो. दार उघडायचं, गाड्या लावून घ्यायच्या, कुत्री हाकलायची. टोपी कंपनीची, शिव्या माझ्या.

हाटेल दिसायला एक नंबर. फरशी एवढी पुसतात की तीत आपलं तोंड दिसतंय, आन् माझं तोंड बघायची मला हौस न्हाई म्हणून मी वर बघून चालतो. पण कोपऱ्यात ती मशीन हाय. खाली सहा तोट्या, वर बर्फाची पेटी. ग्लास दाबला की फेसाळत कोल्ड्रिंक येतंय. बाहेरनं चकचकीत. आतलं सांगायलाच तर बसलोय.

ह्या मशीननं आमचे दोन मॅनेजर खाल्ले. पुण्याहून कंपनीचे साहेब तपासायला येत्यात, तोटी उघडत्यात, घाण निघते, मॅनेजर घरी! तिसरी आली सारिका. शिरूर तालुक्यातली, मेंढपाळाची पोर. घरातली पहिलीच नोकरी. साहेबांनी तिला खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं, "पुढच्या तपासणीत मशीन घाण निघाली, तर तुम्ही बी घरी." आन् तिकडं तिचा बाप गावभर सांगत फिरतोय, "माझी पोर हायवेवरचं हाटेल चालवती." म्हंजी पोरीची नोकरी आन् बापाची मान, दोन्ही त्या तोटीत अडकलेली.

*

पहिला मॅनेजर होता तवाची गोष्ट. हुशार माणूस. इंग्रजीत बोलायचा, मराठीत चिडायचा.

मी एकदा सहज इचारलं, "साहेब, ही मशीन आतनं धुता कवा?"

तो हसला. म्हणला, "आबा, ही ऑटोमॅटिक हाय. आपली आपण साफ होते. तो लाईट दिसतोय का? हिरवा हाय म्हंजी स्वच्छ."

मी म्हणलं, "लाईटला काय कळतंय?"

"त्याच्यात सेन्सर हाय, आबा!"

आता सेन्सर म्हणल्यावर माझ्यासारख्या माणसानं काय बोलावं? आमची म्हैस स्वतःची स्वतः धुतली जात न्हाई, पण मशीन जात असंल बाबा.

मग साहेब आले पुण्याहून. चेहरा असा की घरनं भांडून निघालेत. सरळ मशीनपाशी गेले, एक तोटी पिळली, काढली, आन् आत बोट घालून काहीतरी ओढून टिश्यूवर ठेवलं. मी दारातनं बघत होतो. उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या पायरीला जे साठतं ना, अगदी तेच. लिबलिबीत. आन् लांब!

मॅनेजर घामाघूम. तरी म्हणतोय, "सर, पण लाईट हिरवा हाय!"

साहेबांनी टिश्यू त्याच्या नाकापुढं धरला.

"आतलं बी हिरवंच हाय!"

*

दुसरा मॅनेजर कडक. आल्या आल्या त्यानं सगळ्यांना प्लॅस्टिकचे हातमोजे दिले. म्हणला, "मोज्याशिवाय कुणी कशाला हात लावायचा न्हाई." छान वाटलं. दवाखान्यासारखं दिसायला लागलं हाटेल.

आमचा शंभू त्या मशीनवर असतोय. बिहारचा हाय, चाळिशीचा, मिशा अशा की गिऱ्हाईक त्यालाच मालक समजतंय. एक दिवस मी त्याच्याकडं ध्यान दिलं. त्यानं मोजा घातलेल्या हातानं टेबल पुसलं. त्याच हातानं डोकं खाजवलं. त्याच हातानं कचऱ्याच्या डब्याचं झाकण दाबलं. आन् तोच हात बर्फाच्या पेटीत घातला. चमचा बाजूला लटकत होता, पण त्याला कोण इचारतंय!

मी म्हणलं, "आरं ए शंभू! हातात मोजा कशाला हाय?"

तो म्हणला, "बाबा, हाथ साफ रहता है!"

त्यानं मोजा काढून हात दाखवला. खरंच, एकदम स्वच्छ. बर्फाचं काय झालं ते बर्फाला ठाऊक.

मी ही गोष्ट मॅनेजरला सांगितली. तो सगळं ऐकून म्हणला, "पण मोजे घालतोय ना?"

पुढच्या तपासणीत तो बी गेला.

*

सारिका आली तवा मला वाटलं, ही पोर काय टिकत न्हाई. एवढीशी उंची, आवाज मऊ. पण पहिल्याच दिवशी मला म्हणली, "आबा, खुर्ची उन्हात कशाला टाकता? सावलीत बसा." मी म्हणलं, "मला शिकवू नगं." आन् सावलीत बसलो.

ती आल्यावर थोड्या दिवसांनी वढूला, संभाजी महाराजांच्या समाधीला जाऊन आलेली एक जीप थांबली. सगळी बाया-माणसं भरून. त्यांच्यात एक म्हातारी, माझ्याच वयाची असंल, पण माझ्यापेक्षा वाकडी. शंभूनं तिला कागदाचा ग्लास दिला. नवा कोरा, गठ्ठ्यातनं आताच काढलेला.

म्हातारी म्हणली, "धुतलाय का?"

शंभूला कळलं न्हाई. सारिका म्हणली, "आजी, नवीन ग्लास हाय."

"नवा असू दे न्हाईतर जुना. कुठं कुठं पडलेला असतोय, कुणाकुणाचे हात लागलेले असत्यात."

म्हातारीनं पिशवीतनं आपली पाण्याची बाटली काढली, दारात येऊन माझ्या पायावर ग्लास दोनदा खळखळून धुतला, पदरानं पुसला, आन् मग जाऊन मशीनपाशी धरला. बर्फ टाकून काठोकाठ भरून घेतला. सावकाश प्यायली.

जाताना मला म्हणली, "स्वच्छता ठेवली की आजार येत न्हाई, भाऊ."

मी दिवसभर इचार केला. त्या सगळ्या भानगडीत स्वच्छ होती ती एकच वस्तू, आन् धुतली ती बी तीच. माझं डोकं दुखायला लागलं.

*

आता खंडेनवमीचं ऐका.

आपल्याकडं त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतंय त्याची पूजा. ट्रॅक्टरची, वजनकाट्याची, एमआयडीसीत तर मोठमोठ्या मशीनींना बी हार घालतात. सारिका म्हणली, आपण बी करू. तिच्या मनात एवढंच की मशीनच्या डोक्यावर एक हार घालायचा, खाली नारळ ठेवायचा, झालं.

पण पूजेला बसला शंभू! त्याला भक्ती जास्त. त्यानं हळदीकुंकू कालवलं आन् मशीनच्या एकेका तोटीला बोटं ओढली. वरनं ओढली, खालनं ओढली, आत जेवढं बोट गेलं तेवढं आतनं बी ओढली! बर्फाच्या पेटीत झेंडूच्या पाकळ्या टाकल्या. अगरबत्ती तोटीलाच खोचली, कारण तिथं भोक बरोबर मापाचं होतं.

दुसऱ्या दिवशी दौंडची एक बाई आली. लिंबाचं पांढरं कोल्ड्रिंक मागितलं. आलं गुलाबी! वर झेंडूची एक पाकळी तरंगतीय.

"हे काय वो?"

शंभूनं हात जोडले. "आशीर्वाद है, दीदी."

बाईनं फोटो काढला. म्हणली, "फेस्टिव्हल स्पेशल का? अजून एक द्या, पार्सल."

बाई गेल्यावर सारिकानं डोक्याला हात लावला. "शंभूभाई, पूजा करायला बोट आत घातलंत, मग पुसायला कवा घातलंत का हो?"

शंभू दचकला. म्हणला, "मॅडम, पूजा के बाद पोंछते नहीं. पाप लगता है!"

*

ह्याच्यानंतर सारिकानं मनावर घेतलं. कंपनीकडनं ब्रश मागवले. चार रंगांचे आले. लाल, निळा, पिवळा, हिरवा. सोबत भिंतीवर लावायचा तक्ता. कुठला रंग कशाला वापरायचा ते त्याच्यात दाखवलेलं. संडासाचा येगळा, फरशीचा येगळा, भांड्यांचा येगळा, मशीनचा येगळा. आता चुकायला जागाच न्हाई, असं तिला वाटलं.

तक्ता उघडला. झेरॉक्स! काळा-पांढरा!

चित्रातले चारी ब्रश काळे. चारी चौकोन काळे. एक जरा फिकट काळा, म्हणून कॅशवरची पूनम म्हणली तो पिवळा. शंभू म्हणला, न्हाई, तो फिकट हिरवा. मी म्हणलं, "लाल म्हंजी धोका. संडासाला लाल लावा." पूनम म्हणली, "आबा, लाल म्हंजी आग. तो किचनचा." दुपारभर हाच तमाशा. पुण्याला फोन केला तर तिथला माणूस म्हणला, "तक्त्यात बघा ना!"

सारिकानं शेवटी मऊ आवाजात इचारलं, "शंभूभाई, चिडत न्हाई मी. खरं सांगा. आजवर मशीनला कुठला ब्रश लावत होता?"

शंभूनं इचार केला. प्रामाणिक माणूस हाय तो.

"मॅडम, जो सूखा मिले."

त्या दिवशी हाटेलातल्या एकानं बी काय प्यायलं न्हाई. समोरच्या टपरीवरनं चहा आणला. तवापासनं आमचा सगळ्यांचा चहा टपरीवरच. ती टपरी गटारीवर हाय, पण निदान ते दिसतंय तरी!

*

मधी एक वकील आले होते. काळा कोट गाडीत टांगलेला. त्यांच्या ग्लासात काहीतरी काळं निघालं. मग काय! उभं राहून भाषणच सुरू. "हे लोकांच्या जिवाशी खेळणं हाय! मी केस टाकीन! हाटेल बंद करीन!" मोबाईल काढला, शूटिंग चालू. सारिकाचा चेहरा पांढराफटक. तिला वाटलं, संपलं. साहेबांच्या तपासणीपर्यंत जायची बी गरज न्हाई.

ती पुढं झाली. हात जोडून म्हणली, "सर, सॉरी. एक मिनिट थांबा." जुना ग्लास घेतला, वकिलांच्या डोळ्यांदेखत ओतून दिला. नवा ग्लास घेतला. त्याच मशीनला लावला. तीच तोटी. भरून दिला.

वकिलांनी घोट घेतला. शूटिंग बंद केलं.

"बघा, बोललं तरच काम होतं ह्या देशात," म्हणले, आन् खुशीत गेले!

मी सारिकाकडं बघितलं. सारिकानं माझ्याकडं बघितलं. ती म्हणली, "आबा, काय झालं आता?" मी म्हणलं, "मला काय इचारती? तूच मॅनेजर हायेस."

*

आन् आता तपासणीचा दिवस.

आदल्या दिवशी सारिकानं मशीन बंद ठेवली. बाही वर करून स्वतः बसली. शंभूनं तोट्या खोलल्या, नळ्या खोलल्या, बर्फाची पेटी रिकामी केली. गरम पाणी, औषधाचं पाणी, परत गरम पाणी. चारी ब्रश फेकून दिले आन् नवीन आणले, सगळे एकाच रंगाचे. आतनं जे निघालं ते मी सांगत न्हाई, तुमची जेवायची येळ असंल. पोर त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तोच चेहरा. कापूस गुंडाळलेली काडी काढली, पहिल्या तोटीत फिरवली. पांढरी! दुसरीत फिरवली. पांढरी! सहाच्या सहा पांढऱ्या. बर्फाच्या पेटीत डोकं घातलं, बाहेर काढलं. तोंडावर राग तसाच, पण रागवायला काय सापडंना.

सारिकानं तपासणीचा कागद पुढं केला. म्हणली, "सर, सही?"

साहेब म्हणले, "थांबा. मागच्या दोन्ही मॅनेजरांनी बी मला साफ हाय म्हणूनच सांगितलं होतं. पहिल्यानं लाईट दाखवला, दुसऱ्यानं मोजे दाखवले. मी आता कशावर इश्वास ठेवू? एक ग्लास भरा. तुमच्यातल्या कुणीतरी एकानं माझ्यासमोर प्यायचा. मग सही."

सोप्पं काम! सारिकानं ग्लास भरला. काळं, फेसाळतं, बर्फ टाकून. मशीनवरचा माणूस म्हणून शंभूपुढं धरला.

शंभू एक पाऊल मागं सरला. "मॅडम, आज शनिवार है. बजरंगबली का उपवास."

ग्लास पूनमकडं गेला. "मला सर्दी हाय, मॅडम. बघा ना," म्हणून ती शिंकली. शिंक काय तिला नीट जमली न्हाई.

किचनमधले दोघं आत पळाले. आतनं भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. भांडी सकाळीच घासलेली होती.

मग शंभू म्हणला, "पहला मान बुजुर्ग का! बाबा को दो!" आन् ग्लास आला माझ्यापुढं. मान! दार उघडताना कवा मान दिला न्हाई कुणी, आन् आज आठवला. मी म्हणलं, "मला शुगर हाय."

साहेब म्हणले, "कवापासनं?"

मी म्हणलं, "मगाचपासनं."

आता खरं सांगतो. मशीन स्वच्छ होती. कापूस पांढरा निघालेला मी ह्या डोळ्यांनी बघितला. आधी घाण होती तवा शेकडो माणसं पिऊन गेली, त्यांना मी दार उघडून दिलं. आन् आता स्वच्छ हाय तर आमच्यातल्या एकाचा बी हात पुढं जाईना. असं का, ते मला त्या दिवशी कळलं न्हाई आन् आज बी कळत न्हाई.

साहेबांनी पेन खिशाला लावला. "म्हंजी तुमचाच तुमच्या मशीनवर इश्वास न्हाई!"

सारिकाच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं ग्लास माझ्यापुढनं ओढून घेतला. म्हणली, "मी पिते." ग्लास तोंडापर्यंत नेला. काल त्या तोटीतनं काय काय निघालं ते तिनं स्वतःच्या हातानं काढलेलं. बर्फ वाजतोय ग्लासात. ओठ मिटलेलेच.

तेवढ्यात दार ढकलून एक जण आत आला. दार उघडायला मी जाग्यावर नव्हतो ना! गोरख म्हणून हाय, कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर. शिफ्टला जायच्या आधी रोज एक काळं कोल्ड्रिंक, चुकत न्हाई. हेल्मेट काखेत, बाहेर कंपनीची गाडी हॉर्न देतीय.

"मॅडम, गाडी निघाली! भरलाय व्हय? बरं झालं!"

आन् सारिकाच्या हातातनं ग्लास घेतला, मान वर केली, आन् बर्फासकट एका दमात खाली.

सगळ्यांचे डोळे गोरखच्या तोंडावर. साहेबांचे बी.

गोरखनं तोंड वाकडं केलं. ग्लासात बघितलं. मशीनकडं बघितलं. परत ग्लासात बघितलं. सारिकानं खुर्चीची पाठ धरली.

"मॅडम," तो म्हणला, "मशीन बदलली का वो? रोजच्यासारखी चव न्हाई! नुसतं साखरपाणी लागतंय!"

हॉर्न वाजला. ग्लास टेबलावर आपटून तो पळाला.

साहेब त्या रिकाम्या ग्लासाकडं लई येळ बघत ऱ्हायले. मग खिशातनं पेन काढला आन् सही केली.